बोगमाळोचं नेव्हल म्युझियम: सासऱ्यांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

फोंडेकरीण: पुढच्या आठवड्यात कुडाळहून सासरे येतायत, एसटीतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेत, देवळं नि बीच दोन्ही करून झालंय आणि आता म्हणतात काहीतरी यंत्राचं दाखव. बोगमाळोला विमानांचं म्युझियम आहे असं ऐकलंय. मुलगा नऊ वर्षांचा. तासाभरात उरकतं का, की दिवस घालवावा लागेल? आणि खरंच बघण्यासारखं आहे की फोटोपुरतं?

चिखलीचा_बाबू: ताई, नक्की जा. 1998 सालचं आहे, दाबोळी एअरपोर्टला लागूनच, वास्कोहून सहा-सात किलोमीटर. सोमवारी बंद असतं, बाकी दिवशीपण निघायच्या आधी एकदा वेळ विचारून घ्या. मोठी विमानं सगळी उघड्यावर आहेत त्यामुळे सकाळी लवकर, नाहीतर ऊन डोक्यावर येतं. दोन तास धरा. आणि तिथे कॉन्स्टेलेशन नावाचं एक मोठं चार इंजिनांचं विमान आहे, तीन शेपट्यांचं, ते पोर्तुगीजांचं, लिबरेशनला पळताना राहिलेलं, आमच्या वाड्यावर सगळे हेच सांगतात.

म्हापशेकर: बाबू, चूक रे! मीपण लहानपणी हेच ऐकलंय, पण गोष्ट उलटी आहे. ते विमान एअर इंडियाचं, तिथून हवाई दलात, मग 1976 च्या सुमारास नेव्हीकडे आलं, समुद्रावर लांब टेहळणीसाठी. पोर्तुगीजांचं कॉन्स्टेलेशन राहिलंच नाही, ते उडालं.

झालं असं, 1954-55 ला भारताने नाकाबंदी केली, रेल्वे बंद, रस्ते बंद, मग पोर्तुगीजांना बाहेर जायला समुद्र नि आकाश एवढंच उरलं. म्हणून 1955 मध्ये दाबोळीला विमानतळ बांधला आणि स्वतःची विमान कंपनीपण काढली, कराची, दमण, दीव. मग 18 डिसेंबर 1961 ला सकाळी पुण्याहून आलेल्या आपल्या 12 कॅनबेरा बॉम्बर विमानांनी धावपट्टीवर 63,000 पौंड बॉम्ब टाकले, नंतर आणखी आठ आल्या. वरून हुकूम असा की धावपट्टी फोडा पण टर्मिनलला हात लावू नका. एक कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-4 तशीच उभी राहिली, रात्री लोकांनी धावपट्टी कशीबशी भरून काढली आणि उरलेल्या तुकड्यावरून दोन्ही विमानं कराचीला गेली. दुसऱ्या दिवशी गोवा आपला. म्हणजे म्युझियममधलं विमान त्याच घराण्यातलं, पण तेच नव्हे.

चिखलीचा_बाबू: हे वाड्यावर सांगितलं तर मला जेवण मिळणार नाही 😄 बरं, नेव्ही कधी आली मग?

म्हापशेकर: 1962 ला ताबा, आणि आयएनएस हंसा, म्हणजे नेव्हीचा विमानतळ-तळ, तमिळनाडूतनं दाबोळीला हलली 1964 ला. म्हणूनच अजूनही दाबोळीला पॅसेंजर विमान नि फायटर एकाच धावपट्टीवर.

स्टँडवरचा_चहावाला: सासरे मेकॅनिक ना, मग बाकी सगळं सोडा, त्यांना कॉन्स्टेलेशनच्या इंजिनासमोर उभे करा. एकेका इंजिनाला 18 सिलिंडर, गोल दोन ओळीत, आणि एक्झॉस्टच्या वाफेवर चाकं फिरवून ती ताकद परत शाफ्टला द्यायची, बेभरवशाची भानगड. चारपैकी एखादं इंजिन बंद पडायचंच म्हणून जुने लोक म्हणायचे, तीन इंजिनांवर उडणारं जगातलं सगळ्यात भारी विमान.

चिखलीचा_बाबू: वाफेवर नाही रे, गरम धुरावर! पण मुद्दा बरोबर.

स्टँडवरचा_चहावाला: मान्य, चहाचा धंदा, सगळीकडे वाफच दिसते. मुलासाठी सी हॅरियर फायटर. तिरकं आणि सरळ खाली झोत सोडायच्या चार नळ्या असतात, फिरतात, म्हणून ते जागच्या जागी उतरायचं. 1983 च्या डिसेंबरात पहिली हॅरियर दाबोळीलाच आली, 2016 ला निवृत्त. त्याआधी सी हॉक फायटर, 1971 ला विक्रांत या विमानवाहू जहाजावरून चितगाव नि कॉक्स बाजारवर जाऊन आलेलं जातीचं विमान. आणि आलिझे या नेव्हीच्या पाणबुडी शोधणाऱ्या विमानाच्या शेपटीखालचा हुक शोधायला लावा, विक्रांतवर ताणलेली तार तोच पकडायचा, नाहीतर परत उडून पुन्हा उतरायचं.

फोंडेकरीण: बापरे, मी फोटोपुरतं समजत होते. मंगळवार पक्का. तीन इंजिनांचा जोक मात्र मी आधी सांगणार नाही, सासऱ्यांनाच इंजिन बघून काय वाटतं ते बघते, एसटीच्या गाड्यांबद्दलपण ते हेच म्हणतात. आणि मुलाला पळालेल्या विमानाची गोष्ट बोगमाळोला जाताना गाडीत, धावपट्टी दिसली की.