मदत हवी आहे: श्रीलंकेच्या इंधन पासवर माझी गाडी आधीच दुसऱ्या कोणीतरी नोंदवली आहे

२६ जुलै २०२२

सर्वांना नमस्कार.

नोकरीनिमित्त मी २०१९ पासून कुटुंबासह कोलंबोतील वेल्लावत्ते भागात राहतो. येथील सरकारने नुकत्याच सुरू केलेल्या इंधन पासवर गाडीची नोंदणी करताना असा गुंता झाला आहे की, तो सोडवण्यासाठी नेमके कोणाचे दार ठोठवावे हेच मला कळेनासे झाले आहे. श्रीलंकेत राहणारे किंवा पूर्वी राहून गेलेले काही सभासद येथे आहेत हे ठाऊक असल्याने सविस्तर लिहितो. लांबण लागली तर क्षमस्व.

ज्यांना येथील परिस्थितीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. एप्रिलमध्ये देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली, डॉलरअभावी तेलाची जहाजे येईनात, आणि २७ जूनपासून १० जुलैपर्यंत तर अत्यावश्यक सेवा वगळता खासगी वाहनांना इंधन विकणेच बंद होते. त्यानंतर १६ जुलैला ऊर्जामंत्री कांचना विजेसेकरा यांनी 'नॅशनल फ्युएल पास' जाहीर केला. संकेतस्थळावर आपला ओळखपत्र, पारपत्र किंवा व्यवसाय नोंदणीचा क्रमांक, गाडीचा नोंदणी क्रमांक आणि चासी क्रमांक भरायचा, भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी टाकायचा, आणि ही माहिती मोटार वाहतूक विभागाच्या दप्तराशी जुळली की एक क्यूआर कोड मिळतो. पंपावरचा माणूस तो कोड आपल्या फोनने वाचतो आणि घेतलेले लिटर त्या आठवड्याच्या कोट्यातून वजा होतात. दुचाकीला आठवड्याला ४ लिटर, तीनचाकीला ५, मोटारीला आणि व्हॅनला २०, बसला ४० आणि लॉरीला ५० असा हिशेब आहे. शिवाय सध्या पाटीवरच्या शेवटच्या अंकानुसार वारही ठरलेले आहेत. माझ्या गाडीचा शेवटचा अंक ४ असल्याने मला गुरुवार आणि रविवार मिळतात. १ ऑगस्टपासून वारांची ही अट जाऊन केवळ कोड चालणार आहे, म्हणजे तोपर्यंत माझ्या हाती कोड आला नाही तर मी रांगेत उभे राहण्यासही अपात्र ठरतो.

आता माझी अडचण सांगतो. गाडी २०१५ची, भारतात बनलेली अल्टो आहे. ती मी गेल्या डिसेंबरात येथील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेतली. येथे 'ओपन पेपर' नावाची एक पद्धत सर्रास चालते. मूळ मालक हस्तांतरणाच्या अर्जावर सही करून घेणाऱ्याची जागा कोरी सोडतो, आणि तो कागद गाडीबरोबर हातोहात फिरत राहतो. विक्रेत्याने मूळ मालकाकडून गाडी अशीच घेतली आणि मलाही तशीच दिली. नाव लावण्याचे काम मी आज करू, उद्या करू म्हणत टाळले, आणि मग इंधनटंचाईमुळे सरकारी कचेऱ्याच अर्ध्यामुर्ध्या माणसांवर चालू लागल्या. थोडक्यात, मोल मी मोजले आहे, गाडी माझ्या दारात उभी आहे, परंतु सरकारदरबारी ती अजूनही कँडीच्या एका निवृत्त शिक्षकांची आहे. यातला दोष माझ्या आळसाचा आहे हे मान्य करूनच पुढे लिहितो.

पहिले तीन प्रयत्न माहिती जुळत नसल्याच्या संदेशावर संपले. माझ्याकडे नोंदणीपत्राची झेरॉक्सची झेरॉक्स आहे, आणि तिच्यावर चासी क्रमांकातले एक अक्षर नुसत्या काळ्या ठिपक्यासारखे दिसते. अखेरीस आपल्याकडे सांगलीच्या आरटीओबाहेर बसणारे एजंट करतात तसेच केले. बॉनेट उघडले, केबिनच्या बाजूच्या पत्र्यावरचा खोदीव क्रमांक चिंधीने पुसला, त्यावर पातळ कागद धरला आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी फिरवली. सतरा अंक-अक्षरे एकामागून एक उमटली, आणि ज्याला मी शून्य समजत होतो तो इंग्रजी 'डी' निघाला. मोठ्या उत्साहाने चौथ्यांदा क्रमांक भरला, तर आता निराळाच संदेश आला: हे वाहन आधीच नोंदलेले आहे.

कोणी नोंदवले, कोणत्या ओळखपत्रावर, यातले काहीच पडद्यावर दिसत नाही. विक्रेता फोन उचलत नाही. कँडीच्या गृहस्थांचा पत्ता कागदावर आहे, पण त्यांना आठ महिन्यांनंतर एका अनोळखी परदेशी माणसाने जाब विचारावा हे प्रशस्त वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर ते माझ्या गाडीच्या नावावर स्वतःसाठी पेट्रोल भरत असतील अशी शंकाही मनात येते. दरम्यान, पंपाजवळच्या एका दुकानदाराने पाच हजार रुपयांत 'दुसरा कोड काढून देतो' असे सुचवले आहे.

घाई एवढ्यासाठी की, फेब्रुवारीत येथे आलेल्या माझ्या आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया मे महिन्यात झाली आणि तिला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीसाठी नऊ किलोमीटरवर न्यावे लागते. लोकलचे डबे दारापर्यंत भरलेले असतात, आणि तीनचाकीवाले स्वतःच रांगेत दिवस घालवत असल्याने जे उरले आहेत ते तोंडाला येईल ते भाडे सांगतात. टाकीत अंदाजे चार लिटर आहे.

आधीची नोंद रद्द करून घेण्याचा काही मार्ग आहे का? नाव माझ्यावर नसताना माझ्या भारतीय पारपत्रावर नोंदणी होऊ शकते का? की आधी हस्तांतरण पूर्ण केल्याशिवाय गत्यंतर नाही? ज्यांना अनुभव असेल त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद (नुगेगोडाहून)

आपली अडचण वाचली. मी येथे अकरा वर्षे आहे आणि गेल्या दहा दिवसांत कार्यालयातल्या सहकाऱ्यांच्या सात-आठ नोंदण्या करून दिल्या आहेत, त्यावरून सांगतो.

पारपत्राचा मुद्दा बाजूला ठेवा, कारण तो अडसर नाही. माझी स्वतःची नोंदणी भारतीय पारपत्रावरच झाली आहे. खरी गोम अशी आहे की, कोटा माणसाला नसून गाडीला आहे, आणि एका गाडीची नोंद एकदाच होते. त्यामुळे तुम्ही कोणाच्याही ओळखपत्रावर प्रयत्न केलात तरी हाच संदेश येईल.

पण याच नियमाची दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे. एका ओळखपत्रावर एकच वाहन नोंदवता येते. ज्याने तुमची अल्टो स्वतःच्या ओळखपत्रावर नोंदवली, त्याने स्वतःच्या गाडीचा मार्ग बंद करून घेतला आहे. दाराशी नसलेल्या गाडीसाठी कोणी शहाणा माणूस हे जाणूनबुजून करील असे मला वाटत नाही, कारण पंपावर कोड वाचल्यावर गाडीचा क्रमांक पडद्यावर येतो आणि तो पाटीशी ताडून पाहतात. म्हणून मला हा प्रकार लबाडीपेक्षा चुकीचा अधिक वाटतो. कँडीला फोन करा. जाब विचारू नका, मदत मागा. सिंहली येत नसेल तर शेजाऱ्याला बोलायला लावा. सुरुवातीला 'महत्तया' (म्हणजे 'साहेब') म्हटले की निम्मे काम होते.

आणखी एक किरकोळ सूचना, इतर वाचकांसाठी: पाटीवर सुरुवातीला असलेली प्रांताची इंग्रजी अक्षरे ही नोंदणी क्रमांकाचा भाग नसतात, गाडी दुसऱ्या प्रांतात गेली की ती बदलतात. तसेच सतरा आकडी चासी क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसला की तो शून्य किंवा डी, एवढेच दोन पर्याय तपासावेत.

प्रतिसाद (पुण्याहून)

मला तेथील नियमांची माहिती नाही, म्हणून उत्तराऐवजी प्रश्नच विचारतो. तेथे इंडियन ऑइलचे पंप आहेत ना? भारतीय नागरिकाला तेथे काही वेगळी सोय नाही का? बाकी, शिधापत्रिकेवर निळे रॉकेल घेण्यासाठी पहाटे डबा रांगेत ठेवून येणाऱ्या आमच्या पिढीला तुमचे हाल समजावून सांगायला नकोत.

धागाकर्ता

पुण्याच्या काकांना: लंका आयओसीचे पंप येथे आहेत, आणि जुलैच्या सुरुवातीला सरकारी महामंडळाचा साठा संपला तेव्हा काही दिवस तेवढेच चालू होते. पण पंप भारतीय कंपनीचा असला तरी रांग श्रीलंकेचीच असते. तेथे पारपत्राचा रंग कोणी पाहत नाही, आणि तेच योग्य आहे.

नुगेगोडाकरांचे मनापासून आभार. 'एका ओळखपत्रावर एकच वाहन' हा नियम मी रोज वाचत होतो, परंतु तो त्या बाजूने उलटून पाहिला नव्हता. उद्या फोन करतो.

प्रतिसाद (देहिवालाहून)

त्या पाच हजारवाल्या दुकानदाराच्या नादी लागू नये हे सांगण्यापुरतेच लिहिते. आमच्या इमारतीतल्या एकांना असाच 'दुसरा कोड' मिळाला होता. तो खरा होता, पण दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा. पंपावर चौदा तास उभे राहून नंबर आल्यावर पडद्यावरचा क्रमांक आणि पाटी जुळेना, तेव्हा मागच्या लोकांनी जो गलका केला तो आम्हाला चौथ्या मजल्यावर ऐकू आला. पैसे गेले ते गेलेच. आणि आणखी एक: येथे कोणी स्वतःच्या कोडचे छायाचित्र टाकू नये. ते चित्र ज्याच्या हाती पडेल त्याच्याही खिशात आपला कोटा जातो.

धागाकर्ता, ३१ जुलै

ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना पुढची हकीकत कळवणे माझे कर्तव्य आहे.

बुधवारी संध्याकाळी शेजारच्या तमिळ आजोबांना, ज्यांची सिंहली उत्तम आहे, सोबत घेऊन कँडीला फोन केला. गुरुजी पहिल्यांदा घाबरले, कारण त्यांना वाटले की विकलेल्या गाडीबद्दल पोलिसांकडून विचारणा होत आहे. मग हळूहळू उलगडा झाला. त्यांची सध्याची गाडी कर्जावर घेतलेली असल्याने तिचे मूळ नोंदणीपत्र वित्तसंस्थेकडे आहे. पास जाहीर झाल्यावर ऑस्ट्रेलियातल्या मुलाने 'कागदाचा फोटो पाठवा, मी येथून भरतो' असे सांगितले. गुरुजींनी कपाटातून निघालेला कागद पाठवला, आणि तो निघाला आमच्या अल्टोच्या जुन्या नोंदणीपत्राची प्रत. मुलाने इमानेइतबारे सगळे भरले. गुरुजी तो कोड छापून, प्लास्टिकचे आवरण घालून कँडीच्या पंपावर दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा क्रमांक जुळत नाही म्हणून परत पाठवले गेले. आपल्या चष्म्याचा दोष असावा अशी त्यांची समजूत होती. मी ज्यांच्यावर पेट्रोल लाटल्याचा संशय घेत होतो त्यांनाही गेल्या दहा दिवसांत एक थेंब मिळालेला नव्हता.

गुरुवार हुकला. मुलगा आणि गुरुजी यांच्यात बोलणे होऊन शुक्रवारी कोड माझ्याकडे आला. देहिवालाच्या ताईंच्या सूचनेप्रमाणे मी तो पुढे कोणालाही पाठवला नाही, कागदावर छापला आणि गाडीतच ठेवला आहे. गुरुजींची सध्याची गाडी त्यांच्या पत्नीच्या ओळखपत्रावर नोंदवायचे ठरले, आणि त्यासाठी लागणारा चासी क्रमांक गाडीवरूनच कसा घ्यायचा हे मी त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवले. पेन्सिल मऊ हवी आणि कागद हलता कामा नये, हे सांगताना शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण असा प्रश्न पडावा इतक्या एकाग्रतेने ते ऐकत होते. त्यांचे काम काल झाले.

आज रविवार. पहाटे साडेचारला रांगेत लागलो आणि सव्वाअकराला माझा नंबर आला. पंपावरच्या मुलाने घामेजलेल्या फोनने कोड वाचला, दोन पावले मागे सरकून पाटी पाहिली, आणि मान हलवली. वीस लिटर, दर ४५० रुपये, एकूण नऊ हजार. आईला मंगळवारी फिजिओथेरपीला नेता येईल.

गुरुजींनी हस्तांतरणासाठी लागेल तेथे पुन्हा सही करण्याची तयारी दाखवली आहे, आणि कचेरी सुरळीत चालू लागली की मी सर्वांत आधी नारहेनपिटाला, मोटार वाहतूक विभागाच्या कचेरीत, जाऊन ते काम उरकणार आहे. तेवढ्यासाठी एक प्रश्न शिल्लक राहतो. नाव माझ्यावर लागल्यानंतर गुरुजींच्या ओळखपत्रावरची ही नोंद काढून माझ्या पारपत्रावर नवी करताना मधल्या काळात कोटा अडकून पडतो का? कोणी असे केले असेल तर त्यांनी या धाग्यावर अवश्य लिहावे.