मदत हवी आहे: कॅलेंडरसाठी रेल्वेचा बारावा फोटो कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा अठरा रेलफॅन लोकांचा गट आहे. दर वर्षी सगळ्यांचे फोटो एकत्र करून त्यातले बारा निवडतो आणि भिंतीवरचं कॅलेंडर छापून घेतो. यंदा निवडीचं काम माझ्यासह तिघांकडे आलंय. १४० फोटोंमधून अकरा ठरले, बाराव्यावर गाडी अडली आहे. शुक्रवारी फाइल छापखान्यात द्यायची आहे आणि आम्हा तिघांचं एकमेकांशी बोलून झालंय, म्हणून इथे विचारते.

उरलेले फोटो दोन.

पहिला भोर घाटातला, जुलैमधला. डेक्कन क्वीन वळणावर चढतेय, पुढचं इंजिन आणि मागून रेटणारे बँकर (जादा इंजिनं) एकाच चौकटीत आलेत, मध्ये २०२२ साली मिळालेला एलएचबी रेक, म्हणजे नव्या बनावटीच्या डब्यांची रांग, पूर्ण दिसतो. घाटात जाणाऱ्यांना यातलं अवघड काय ते लगेच कळेल. ही गाडी सीएसएमटीहून संध्याकाळी ५:१० ला निघते, म्हणजे कर्जतला बँकर लागून ती घाट चढू लागते तेव्हा सात वाजत आलेले असतात. हिवाळ्यात तोवर अंधार पडतो. उजेड असतो तो उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला, आणि पावसाळ्यात ढग उतरला की समोरचा डोंगरही दिसत नाही. फोटो काढणारा यासाठी तीन वर्षं जात होता. इंजिनाचा नंबर वाचता येतो, पँटो (छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) कापला गेलेला नाही, एकही मास्ट, म्हणजे विजेची तार पेलणारा खांब, इंजिनाच्या तोंडावर आलेला नाही.

दुसरा पाचोरा–जामनेर नॅरोगेजवरचा, २०१९ च्या एप्रिलमधला. भर दुपारचं ऊन डोक्यावर, त्यामुळे डब्याच्या आतले चेहरे काळे पडलेत. इंजिन उजव्या कडेला अर्धं कापलंय, फोटो थोडा हललाय, फलाटही तिरका दिसतो. पण खिडकीपाशी एक आजी टाचा उंचावून आतल्या कुणाला तरी गाठोडं देतायत आणि मागे गार्ड हिरवा झेंडा हातात धरून त्यांच्याकडे बघत थांबलाय. झेंडा अजून उलगडलेला नाही. ही गाडी २०२० च्या टाळेबंदीत बंद झाली, ती पुन्हा धावली नाही.

आमच्या गुणपत्रकात चार रकाने आहेत: प्रकाश, स्पष्टता, रचना आणि विषयाचं महत्त्व, प्रत्येकी १०. पहिल्याला ४० पैकी ३५ मिळाले, दुसऱ्याला २३. हिशेबाने प्रश्न मिटलाय. तरी रात्री लॅपटॉप उघडला की मी दुसराच बघत बसते. तिघांपैकी एक जण म्हणतो की भावनेला गुण द्यायला लागलो तर पुढच्या वर्षी सगळे हललेले फोटो पाठवतील. मला त्याचं म्हणणं खोडता येत नाही आणि पटतही नाही. असे दोन फोटो शेजारी ठेवून तोलायचे तर कशाने तोलायचे?

अजून एक. ठरलेल्या अकरांपैकी एका फोटोत इंजिनासमोरचा मास्ट संगणकावर पुसलेला निघाला. वरची तार तशीच आहे, तिला पेलणारा ब्रॅकेट नाही, त्यावरून कळलं. विचारल्यावर त्या मित्राने लगेच सांगितलं, लपवलं नाही. तो ठेवावा का?

प्रतिसाद १

ताई, मी लग्नाचे फोटो काढून पोट भरतो आणि रविवारी रुळांकडे जातो, त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या पत्रकातले पहिले तीन रकाने एकाच गोष्टीला तीनदा गुण देतात. ज्याला सूर्य पाठीशी ठेवून पाऊण कोनातून इंजिन टिपता येतं त्याला प्रकाशाचे मिळतात, स्पष्टतेचे मिळतात आणि बहुधा रचनेचेही. सगळं ४० पैकी मोजलंत, पण ३० गुण एका कसबाचे आहेत.

रचनेचा रकाना वेगळा करून बघा. इंजिन कापलं गेलं हा दोष कधी? फोटो इंजिनाचा असेल तेव्हा. हा फोटो खिडकीचा आहे. आजींचा हात, गाठोडं आणि गार्डची नजर यांची रेघ जुळते का, ते बघा. तुम्ही लिहिलंय त्यावरून जुळते असं वाटतं. हलल्याबद्दल मात्र गुण कापाच. एप्रिलच्या दुपारी उभ्या गाडीचा फोटो हलायचं काही कारण नाही, तिथे निष्काळजीपणा आहे.

आणि लॅपटॉपवर ठरवू नका. दोन्ही कॅलेंडरच्या आकारात छापा, भिंतीला लावा, सहा फुटांवरून बघा. हललेपणा किती खटकतो ते तिथे कळेल. खाली फोटोग्राफरचं नाव नको. "तीन वर्षं जात होता" हे वाक्यही निवड करणाऱ्यांच्या कानावर पडायला नको होतं. मेहनतीबद्दल आदर आहेच, पण ती कागदावर उतरली असेल तेवढीच मोजायची.

प्रतिसाद २

मी निवृत्त लोको पायलट. कल्याण–लोणावळा बरीच वर्षं केलंय. तुमच्या पत्रकात एक रकाना कमी आहे आणि तो सगळ्यांच्या आधी यायला हवा: फोटो काढणारा कुठे उभा होता?

घाटातला चढ १:३७ चा. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. गाडी चढते हळू, पण उतरणारी गाडी शेजारच्या रुळावरून येते तेव्हा चढणाऱ्या इंजिनांच्या आवाजात तिची चाहूल लागत नाही. बोगद्याच्या तोंडाशी कॅमेरा डोळ्याला लावून उभी असलेली मुलं मी पाहिली आहेत. शिट्टी वाजवतो, ब्रेकवर हात जातो, आणि पुढे लोणावळ्यापर्यंत छातीत धडधडत राहतं. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार विनापरवाना रुळांच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायद्याचं सोडा. चौकटीवरून जागा ओळखता येते. दोन रुळांमध्ये उभं राहून घेतलेला असेल तर कितीही सुंदर असो, कॅलेंडरवर नको. ते बघून पुढच्या पावसाळ्यात आणखी चार जण तिथेच उभे राहतील.

दुसऱ्या फोटोबद्दल एवढंच सांगतो. गार्डने झेंडा उलगडला नाही, हे त्या फोटोतलं सगळ्यात खरं आहे. छोट्या लाइनवर असंच चालायचं.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. फोटोग्राफरला फोन केला. त्याने समोरच्या डोंगरधारेवरून, हद्दीबाहेरून लांब लेन्सने काढलाय आणि तिथून दिसणारी पूर्ण चौकटही पाठवली. निश्चिंत झाले. बाकी अकरा फोटोंनाही हाच प्रश्न विचारला. त्यातला एक आम्ही काढून टाकला.

प्रतिसाद ३

मास्टबद्दल लिहितो. ओ. विन्स्टन लिंक हे अमेरिकेतलं मोठं नाव. १९५६ साली वेस्ट व्हर्जिनियात त्यांनी ड्राइव्ह-इन सिनेमाशेजारून धावणारं वाफेचं इंजिन रात्री फ्लॅशबल्ब लावून टिपलं. फ्लॅशच्या झोतात पडद्यावरचं चित्र पुसलं गेलं, म्हणून त्यांनी पडद्यावरचं विमान दुसऱ्या निगेटिव्हवरून त्यात बसवलं. लोक तो फोटो आजही मानतात, कारण ही जोडणी सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे सुधारणा केली म्हणून लगेच बाद, असं मी म्हणणार नाही.

पण मास्ट पुसणं मला टोचतं. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झालं. रत्नागिरीजवळच्या ६४ मीटर उंच पानवल पुलाचे त्याआधीचे फोटो बघा, वर मोकळं आभाळ आणि डिझेल इंजिन. नंतरच्या फोटोंत मास्टांची रांग. फोटोवर तारीख नसेल तर मास्टच तारीख सांगतो. तो पुसला की पुढे बघणाऱ्याला चुकीची माहिती मिळते. मित्राकडे मूळ फाइल असेल तर ती मागा आणि मास्टसकट छापा. इंजिनावर खांब आल्याने गुण कमी होतील, होऊ देत.

प्रतिसाद ४

मी जामनेर तालुक्यातली, आता नाशिकला असते. पीजेने (पाचोरा–जामनेर गाडीला आम्ही हेच म्हणायचो) मी कॉलेजला जायचे, म्हणून फोटोचं वर्णन वाचून राहवलं नाही. फोटो कुठल्या स्टेशनातला आहे? वरखेडी, शेंदुर्णी की पहूर? तुम्ही लिहिलं नाहीत. ठिकाण नसेल तर आमच्याकडच्या माणसाला तो अर्धाच वाटेल.

धागाकर्ती

ताई, तुमच्या प्रश्नामुळे मूळ फाइल मागवली. त्याने पाठवताना डावीकडचा भाग कापला होता. पूर्ण चौकटीत कडुनिंबाच्या बुंध्याआडून पिवळी पाटी दिसते आणि तिच्यावर "दुर्णी" एवढी अक्षरं. शेंदुर्णीच ना? शिवाय मूळ चौकटीत इंजिनही थोडं जास्त आलंय आणि फलाट सरळ करायला जागा मिळते.

काल दोन्ही छापून भिंतीला लावले, खाली नावं नव्हती. गटातल्या बाकी पंधरा जणांना बोलावलं, पत्रक दिलं नाही. डेक्कन क्वीनपाशी सगळे थांबले, बँकर मोजले, उजेडाची चर्चा झाली. शेंदुर्णीच्या फोटोपाशी आधी कुणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, "गाठोडं पोचलं का आत?"

काढून टाकलेल्या फोटोमुळे एक पान रिकामं झालंच होतं, त्यामुळे दोन्ही घेतले. डेक्कन क्वीन जुलैला, पीजे एप्रिलला. मास्टवाला मूळ रूपात ऑक्टोबरला. गुणपत्रकाचे रकाने पुढच्या वर्षीसाठी नव्याने आखायचे आहेत, त्यासाठी वेगळा धागा काढते.

आता फक्त एप्रिलची ओळ उरली आहे. "शेंदुर्णी, पाचोरा–जामनेर नॅरोगेज, एप्रिल २०१९" एवढं लिहिलंय. गाडी पाचोऱ्याकडे निघालीय की जामनेरकडे, हे कडुनिंब आणि पाटीच्या जागेवरून सांगता येईल का? उद्या संध्याकाळपर्यंत कळलं तर तेही छापेन.

प्रतिसाद ४

हो, शेंदुर्णीच. फोटो इथे टाका, माझे वडील बघून सांगतील. त्यांनी त्या फलाटावर बरीच वर्षं गाडीची वाट बघितली आहे.