बेंगळूरच्या पेठा आणि गल्ल्या आठवडाभर कशा हिंडलात? – अनुभव धागा

आपल्या बेळगाव भागातून बेंगळूरला जायचं ते कामापुरतं. पोराची ॲडमिशन, सचिवालयात अडकलेली फाईल, नाहीतर आयटीत असलेल्या लेकीचं बिऱ्हाड. रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरायची, काम उरकायचं, माघारी फिरायचं. पण सुट्टी काढून, आठवडाभर मुक्काम ठोकून ते शहर पायी हिंडलेली माणसंही आपल्यात आहेत. त्यांनी लिहावं म्हणून हा धागा. विधानसौधासमोरचा फोटो सगळ्यांकडे असतो, तो राहू दे. वस्त्यांबद्दल लिहा.

शहापूर, बेळगाव

आमचं घर विणकराचं. सासऱ्यांचे हातमाग होते, दिरांचे आता यंत्रमाग आहेत. त्यामुळं मला बघायची होती ती चिकपेट, बेंगळूरची साड्यांची जुनी पेठ. तीन सकाळी तिथंच घालवल्या आणि पुन्हा गेले तर चौथीही घालवेन.

आत शिरायच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून हमाल गठ्ठा घेऊन आला की भिंतीला टेकूनच उभं राहायचं. जुन्या दुकानांत चपला बाहेर काढून पांढऱ्या गादीवर बसायचं. दुकानदार साड्या एकावर एक उलगडत जातो. मी पहिलीच साडी हातात घेऊन उलटी केली, काठाच्या मागचे धागे बघितले, पदराचा जोड बोटानं चाचपला. तो गप्प झाला. वरच्या फळीवरचा माल खाली काढायला लावला आणि कन्नडात विचारलं, "अक्का, तुमच्या घरी माग आहे काय?" मग तासभर सूत, जर आणि मजुरी याच गोष्टी. साडी एकच घेतली, पण तो तास मला त्या साडीहून मोलाचा वाटतो.

शेजारच्या कब्बनपेटेतही जा. ती विणकरांची पेठ. माग आता कमी झालेत, तरी कुठल्या तरी बोळात खटखट ऐकू येते आणि पाय आपोआप थांबतात. केंपेगौडांनी १५३७ साली शहर वसवलं ते या पेठांनीच. अक्कीपेटेत तांदूळ, बळेपेटेत बांगड्या, असा एकेक धंदा एकेका पेठेला. बळेपेटेत आज वाद्यांची दुकानंही आहेत, तबला-पेटी बघायला आमचे हे तिथंच रमले.

निपाणी

आम्ही तिघी जावा आणि चंदगडची नणंद. शक्ती योजनेमुळं साध्या सरकारी बसला कर्नाटकातल्या बायकांना तिकीट लागत नाही, बेंगळूरच्या सिटी बसलाही नाही. आम्ही आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडायचा. नणंदेचं आधार महाराष्ट्राचं, तिला मात्र प्रत्येक वेळी पैसे मोजावे लागले. एका घरच्या बायका, एकाच बाकावर बसलेल्या! सीमाभागात राहणाऱ्यांना हे नवीन नाही, पण मला दर वेळी वाईट वाटलं. शेवटी तिचं तिकीट आम्ही आळीपाळीनं काढलं.

मुक्काम बसवनगुडीत होता. सकाळी गांधी बझारात फुलांचे ढीग, मग विद्यार्थी भवनचा डोसा. हे हॉटेल १९४३ सालचं. वाढपी एका हातावर डोशाच्या थाळ्यांची चळत घेऊन येतो ते बघण्यासारखं आहे. दोड्ड बसवण्णाचं, म्हणजे मोठ्या नंदीचं, दर्शन घ्याच. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथं भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. पुढच्या वर्षी त्याच बेतानं जायचं ठरलंय.

कंग्राळी, माजी सैनिक

मी कॅम्पातच, म्हणजे जुन्या लष्करी छावणीच्या भागातच रमतो. आपल्या बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर, तिकडं हलसूर तलावाजवळ मद्रास सॅपर्सचं, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचं. तलावाकाठी फिरायचं, सोमेश्वराच्या देवळात जायचं, तिथून शिवाजीनगर. रसेल मार्केट १९२७ सालचं, जवळच सेंट मेरीचं मोठं चर्च. या भागात तमीळ, उर्दू, कन्नड सगळं कानावर पडतं. संध्याकाळी गर्दी फार, सकाळी जा.

खानापूर

मल्लेश्वरमबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठांतली दाटी कमी करायला ही वस्ती आणि बसवनगुडी वसवली, म्हणून रस्ते सरळ आणि झाडी भरपूर. पण काडू मल्लेश्वराचं देऊळ त्याच्याही कितीतरी आधीचं. १६३८ साली बेंगळूर आदिलशाहीकडं आलं आणि शहाजीराजांना जहागीर मिळालं, हे आपण शाळेत वाचतो. त्यांचे पुत्र एकोजीराजे यांनी १६६९ साली या देवाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख इथं आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. आपल्याकडची माणसं हा इतिहास रायगड-पन्हाळ्यावर शोधायला जातात, त्यांनी इथंही यावं असं मला मनापासून वाटतं. समोरच नंदी तीर्थ आहे, नंदीच्या मुखातून पाण्याची धार खाली पिंडीवर पडते. गवीपुरमात मराठा समाजाचा गोसाई मठ आहे, तोही बघा.

चिक्कोडी

वाचून मे महिन्यातला बेत पक्का झाला. पण आईचे गुडघे दुखतात, एवढं हिंडणं जमेल काय?

शहापूर, बेळगाव

जमेल की! मेट्रोची हिरवी लाईन धरा. मल्लेश्वरमला संपिगे रोड, मग मॅजेस्टिक, चिकपेट, के. आर. मार्केट, नॅशनल कॉलेज, लालबाग, सगळी स्टेशनं ओळीनं आहेत आणि लिफ्ट आहे. एका दिवशी एकच वस्ती घ्या, दुपारी आईंना खोलीवर विश्रांती द्या. रविवारी चिकपेटेतली घाऊक दुकानं बहुतेक बंद असतात आणि शुक्रवारी विद्यार्थी भवनला सुट्टी, तेवढं बघून वार ठरवा.