एसजेव्हीएन: धरणवाली कंपनी पवन-सौरात कशाला?

जिज्ञासू_अकोले: हिमाचलातल्या नाथपा झाकरी जलविद्युत प्रकल्पावाल्या एसजेव्हीएनच्या (सतलज जलविद्युत निगम) पवनचक्क्या आमच्या अकोले तालुक्यातल्या खिरविऱ्यात आहेत. सतलजवरची सरकारी कंपनी इथे का आली? पाण्याची तूट वाऱ्याने भरून निघते का?

टर्बाइनवाला: खिरविरे म्हणजे ८५० किलोवॅटच्या ५६ चक्क्या, एकूण ४७.६ मेगावॅट, २०१४ पासून. तूट मात्र फारशी भरत नाही. सह्याद्रीतला वारा जोर धरतो जून ते सप्टेंबर, आणि सतलजही तेव्हाच फुगते. हिवाळ्यात दोन्ही मंद. हंगामाचा हिशेब सौरऊर्जेनेच जमतो.

गाळमोजणी: त्यात गाळाची भर. पाण्यातला गाळ ५००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५००० भाग) वर गेला की नाथपा झाकरीचे सहाही वीजसंच (प्रत्येकी २५० मेगावॅटचे) बंद ठेवतात. क्वार्ट्‌झचे कण रनर (टर्बाइनचं फिरतं चाक) आणि गाइड व्हेन (त्यावर पाणी वळवणारी पाती) अक्षरशः खरवडतात. म्हणजे ऐन पुरात, भरपूर पाणी असूनही वीज शून्य. सगळी कमाई एकाच नदीवर ठेवायची नाही, हे खरं कारण.

जिज्ञासू_अकोले: मग जलाशयावरच पॅनेल का नाहीत?

टर्बाइनवाला: आहेत की, ओंकारेश्वरला ९० मेगावॅट, २०२४ मध्ये सुरू. फक्त तो जलाशय नर्मदेवर, दुसऱ्या कंपनीचा. तरंगत्या पॅनेलची खरी डोकेदुखी नांगराच्या दोरांची: पातळी उतरली की ते सैल पडतात आणि तराफा सरकतो, चढली की ताण येतो. केबललाही तेवढीच ढील ठेवावी लागते. नाथपाचं तळं त्यासाठी फारच चिंचोळं, वर दरीची सावली.