कॉन्टेक्स्ट स्विच : व्हीएमस्टॅटमध्ये ४०,०००, प्रोसेसच्या नावावर फक्त ३

धोटा_सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखाना. २४ यंत्रमागांच्या फेऱ्या मोजणारा सी++ प्रोग्रॅम, मागाला एक थ्रेड (प्रोग्रॅमची स्वतंत्र चालणारी शाखा), ४ कोअरचं लिनक्स मशीन. व्हीएमस्टॅट या आकडेवारीच्या कमांडच्या सीएस रकान्यात सेकंदाला ४०,००० कॉन्टेक्स्ट स्विच (कोअरवरून एक थ्रेड काढून दुसरा चढवणं) दिसतात. 'प्रोक' या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) माहिती फोल्डरातल्या त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलीत मात्र ऐच्छिक स्विच (थ्रेड स्वतः झोपला म्हणून झालेले) सेकंदाला ३ वाढतात, अनैच्छिक (चालू थ्रेडला काढल्याने झालेले) हलतच नाहीत. मग बाकीचे कुणाचे?

शेंगाचटणी
ती फाइल फक्त मुख्य थ्रेडचे आकडे दाखवते, आणि तो झोपलेला असणार. प्रत्येक थ्रेडची वेगळी स्टेटस फाइल आत 'टास्क' फोल्डरात असते. पिडस्टॅट या प्रोसेसवार आकडे देणाऱ्या कमांडला -डब्ल्यू सोबत -टी द्या, थ्रेडवार दिसेल. व्हीएमस्टॅटची पहिली ओळ सोडा, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते.

धोटा_सोलापूर
सापडलं. प्रत्येक थ्रेडचे सेकंदाला साधारण १,६५० अनैच्छिक, ऐच्छिक किरकोळ. म्हणजे कोअर कमी पडतात ना? मालकांना ८ कोअरचं सांगू?

रनक्यू
इतक्यात खर्चात पाडू नका त्यांना. ४०,००० म्हणजे कोअरमागे १०,०००, दर १०० मायक्रोसेकंदाला एक. टिक (कर्नलच्या घड्याळाचा ठोका) २५० हर्ट्झचा असेल तर वेळ संपली म्हणून कोअरमागे सेकंदाला फार तर २५० वेळा काढतील. झोपेतून उठलेल्या थ्रेडने दुसऱ्याला ढकललं म्हणावं, तर झोपणाऱ्यांचे ऐच्छिक आकडेही तितकेच वाढले असते.

माझा संशय शेड-यील्डवर, म्हणजे कोअर दुसऱ्या थ्रेडला देण्याच्या सिस्टिम कॉलवर (कर्नलकडे केलेल्या मागणीवर). नाव 'स्वतःहून सोडतो' असं, पण यील्ड करताना थ्रेड रनिंग अवस्थेतच असतो, म्हणून कर्नल तो स्विच अनैच्छिक खात्यात टाकतो. पर्फ स्टॅट या मोजणीच्या कमांडने त्या सिस्टिम कॉलचा एंट्री ट्रेसपॉइंट (कॉल सुरू होतानाची कर्नलमधली नोंदीची जागा) १० सेकंद मोजा.

आणि ८ कोअर घेतले तरी थ्रेड फिरतच राहतील. कोअरवर एकटाच थ्रेड उरला तर यील्डनंतर पुन्हा तोच निवडला जातो, तो स्विच मोजलाच जात नाही. आकडा शून्याकडे, सीपीयू १०० टक्के!

शेंगाचटणी
कोण कुणाला जागा देतो ते हवं असेल तर एफट्रेसमध्ये (कर्नलमधल्या घटना नोंदवणाऱ्या सोयीत) शेड-स्विच इव्हेंट. पीआयडी (प्रोसेस वा थ्रेडचा क्रमांक) गाळणीत सगळ्या थ्रेडांचे आयडी घाला, नुसता प्रोसेसचा घातला तर मुख्य थ्रेडच दिसेल. बफर आधी वाढवा, नंतर प्रत्येक सीपीयूच्या स्टॅट्स फाइलीत ओव्हररन शून्य आहे का बघा, नाहीतर जुन्या नोंदी पुसल्या गेलेल्या असतात. ट्रेस टर्मिनलवर वाहू देऊ नका, त्या छपाईचेच स्विच मिसळतात.

धोटा_सोलापूर
यील्डच निघालं, सेकंदाला ४१,००० कॉल. मागाच्या फेरीची पल्स आली का हे सतत बघणाऱ्या लूपमध्ये होतं.

रनक्यू
लूप काढा, ई-पोलवर (पल्स येईपर्यंत थ्रेडला झोपवणाऱ्या सिस्टिम कॉलवर) थांबवा. मग अनैच्छिक खाली येतील आणि ऐच्छिक पल्सच्या संख्येइतके होतील.