बाहेरून येणाऱ्या इम्प्लांट तज्ज्ञाकडून दोन दिवसांत काय शिकून घ्यावं?

कृष्णाकाठ
नमस्कार. पुढच्या महिन्यात आमच्याकडे दोन दिवसांची डेंटल इम्प्लांटची (गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू) कार्यशाळा आहे. पहिल्या दिवशी पाहुणे सर्जन लाइव्ह सर्जरी करणार, दुसऱ्या दिवशी आम्ही मॉडेलवर ड्रिलिंग करायचं. सध्या मी खालची एकच दाढ गेलेल्या, जागा भरून आलेल्या केसेसच घेते. स्क्रीनवर सगळं सोपं दिसतं, पण परतल्यावर आपल्या खुर्चीवर त्यातलं काय वापरायचं ते कळत नाही. लक्ष कशावर ठेवू? माझी ४६ची (खालची उजवी पहिली मोठी दाढ) एक केस दाखवायची आहे, तर बरोबर काय नेऊ?

सर्जन_नाशिक
मॅडम, स्क्रीनपेक्षा त्यांच्या हाताकडे बघा. ड्रिल आत किती सेकंद राहतो, किती वेळा पूर्ण बाहेर येतो, असिस्टंट खाचांत अडकलेला हाडाचा चुरा कधी पुसते. साधारण ८०० ते १२०० आरपीएम, गार सलाइनची धार आणि वरखाली हलका हात. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी मरायला लागतं. बोथट ड्रिल दाबून चालवला की नेमकं हेच होतं, आणि ते दोन-तीन आठवड्यांनी इम्प्लांट हलायला लागल्यावर कळतं. म्हणून एक ड्रिल किती केसेसनंतर टाकून देतात, हे आवर्जून विचारा.

दुसरं, ड्रिलवरची खूण. १० मिमीची खूण इम्प्लांटच्या लांबीची असते, ड्रिलचं टोक त्याच्याही खाली जातं. काही किटमध्ये हे जास्तीचं टोक १ मिमीच्या आसपास भरतं. समजा सीबीसीटीवर (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) हाडाच्या वरच्या कडेपासून खालच्या नसेच्या नलिकेपर्यंत १२.५ मिमी आहे. सुरक्षेचे २ गेले, टोकाचा १ गेला, उरले ९.५. म्हणजे १०चा इम्प्लांट नाही, ८.५चा. कडेच्या खाली बसवणार असाल तर तेवढं आणखी वजा. तुमच्या किटचा तक्ता बरोबर न्या आणि हे गणित त्यांच्यासमोर करा.

प्रॉस्थो_ठाणे
वरच्या मुद्द्यांना जोडून: सर्जरी संपली की निम्मे लोक चहाला उठतात, खरं शिकण्यासारखं त्यानंतर असतं. इम्प्लांटची जागा कॅपवरून ठरते, हाड कुठे मिळालं यावरून नाही. शेजारच्या दातापासून निदान १.५ मिमी, दोन इम्प्लांटमध्ये ३ मिमी, गालाकडच्या बाजूला जमलं तर २ मिमी हाड. त्यामुळे ४६चे स्टडी मॉडेल आणि त्यावर मेणाची दाढ लावून न्या.

कॅप बसवताना तीन गोष्टी बघून घ्या. अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप यांमधला जोडतुकडा) पूर्ण बसलंय याचा आयओपीए (दाताचा छोटा एक्स-रे) फिल्म समांतर ठेवून काढतात का? तिरक्या एक्स-रेत फट लपते. स्क्रू कंपनीने दिलेल्या टॉर्कला (आवळण्याचा जोर) आवळून दहाएक मिनिटांनी पुन्हा त्याच टॉर्कला आवळतात का? ही दहा मिनिटं वाचवली की स्क्रू ढिला होऊन पेशंट परत येतो. आणि बाइट. दाताला लिगामेंटची गादी असते, इम्प्लांटला नसते, म्हणून हलक्या चाव्यात शिमस्टॉक (चावा तपासायची अतिपातळ पट्टी) त्या कॅपखालून सुटायला हवा, घट्ट चावल्यावर धरायला हवा. सिमेंटची कॅप असेल तर कड हिरडीखाली खोल नेऊ नका. तिथे राहिलेलं सिमेंट निघत नाही आणि पुढे त्यातूनच पेरिइम्प्लांटायटिस (इम्प्लांटभोवतीचं हाड झिजवणारा दाह) होतो.

पेरिओ_कोल्हापूर
केसच्या कागदांत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) हवंच. तंबाखू विचारताना मिश्री वेगळी विचारा, बायका तिला तंबाखू धरत नाहीत. हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा घेतलेलं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शनही "गोळ्या चालू आहेत का" या प्रश्नात येत नाही. तोंड किती उघडतं ते मिमीमध्ये लिहा. सुपारी-गुटख्यामुळे तोंड आवळलेलं असेल तर गाइडेड किटचे (दातांवर साचा बसवून त्यातून ड्रिल करायचं किट) लांब ड्रिल ४६ला सरळ बसतच नाहीत.

सर्जन_नाशिक
एक राहिलं. लाइव्ह केसमध्ये पाहुणे बहुधा त्याच दिवशी तात्पुरती कॅप लावून दाखवतील. त्याची नक्कल लगेच करू नका. आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्या जबड्यात सहा महिने इम्प्लांट हिरडीखाली झाकून ठेवत. आता तेवढं थांबावं लागतंच असं नाही, पण त्याच दिवशी कॅप लावायची तर इम्प्लांट बसवताना साधारण ३५ एनसीएम (न्यूटन-सेंटिमीटर) टॉर्क आधी मिळायला हवा. त्यांना विचारा, "हाच टॉर्क आज १५ आला असता तर तुम्ही काय केलं असतं?" या उत्तरातून बाकी कशाहून जास्त मिळेल.

आणि ते गावाला परतल्यावर काय, हेही लिहून घ्या. खालच्या दाढेच्या केसला त्याच संध्याकाळी फोन करायचा. भूल उतरायची वेळ टळूनही ओठ बधिर असेल तर सकाळची वाट बघायची नाही, सीबीसीटी काढायचा. इम्प्लांट नलिकेत किंवा तिला टेकलेला दिसला तर पहिल्या २४ ते ३६ तासांतच मागे घ्यायचा किंवा काढायचा. दोन आठवडे "उतरेल हळूहळू" म्हणत बसलं की नस पूर्ववत होण्याची शक्यता फार कमी होते.