गांजा नको, पण कॅप्सूललाही नाहीच म्हणायचं का?

तापीकाठ:
काकूची केमो चालू होती तेव्हा आमच्याकडे तीन महिने भरीत झालं नाही. मागच्या गल्लीत कुणी वांगं भाजलं तरी तिला कोरड्या उलट्या. नेहमीच्या गोळ्या, सुया, सगळं करून झालं. अशा, बाकीच्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी अमेरिकेत ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन या कॅप्सूलना, म्हणजे गांजातल्या नशेच्या द्रव्यासारख्या प्रयोगशाळेत बनवलेल्या औषधांना, १९८५ मध्येच मान्यता मिळाली. गंमत म्हणजे आपला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदाही १९८५चाच, आणि टीएचसी, गांजातलं ते नशेचं द्रव्य, म्हणजे ड्रोनाबिनॉलच, त्याच्या यादीत अडकलेलं. तीव्र वेदनांवरच्या मॉर्फीनसाठी २०१४ मध्ये कायदा बदलला. चार-चार परवान्यांची कटकट गेली. तसं इथं का नको?

शिरपूरकर:
भो, सातपुड्याच्या पायथ्याला तुरी-कपाशीत लपवलेला गांजा उपटता उपटता पोलीस थकले. त्यात हे नवीन कशाला?

तापीकाठ:
कॅप्सूलमध्ये झाड नाही हो आप्पा. कृत्रिम रसायन आहे, मोजून भरलेलं.

शिरपूरकर:
अल्प्राझोलम, ते चिंतेवरच्या गोळीतलं औषध, तेही मोजूनच भरलेलं असतं ना? तेही चिठ्ठीवरचंच. मग मालेगाव-धुळ्याकडे पोरं त्याला 'कुत्ता गोळी' का म्हणतात? चिठ्ठीवर माझा विश्वास नाही.

गल्लीतला केमिस्ट:
टोमणा पोचला. पण 'कृत्रिम' शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळताय. परदेशात 'स्पाइस' नावाने पाल्यावर फवारून विकतात तेही प्रयोगशाळेतलंच, जेडब्ल्यूएच-०१८ वगैरे. टीएचसी मेंदूतला रिसेप्टर, म्हणजे बटणासारखी जागा, अर्धवट चालू करतं, ही द्रव्यं पुरता. झटके येतात, माणसं दगावलीत. त्यावर बंदीच हवी. ड्रोनाबिनॉलची अडीच मिलिग्रॅमची कॅप्सूल निराळी. तिनेही म्हाताऱ्या माणसाला चक्कर येते, भ्रम होतो, म्हणून ती पहिलं औषध नाहीच.
आणि एक व्यवहाराची गोष्ट. ती थंड ठेवावी लागते, ८ ते १५ अंशांत, नाहीतर फ्रिजमध्ये. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ वर आणि दुपारी लाईट गेलेली.

तापीकाठ:
इन्सुलिन ठेवतातच की लोक माठाशेजारी. मी काही किराणा दुकानात विका म्हणत नाही. केमो देणाऱ्या रुग्णालयातच ठेवा, रिकामी पाकिटं परत घ्या, नोंद करा.

शिरपूरकर:
रुग्णालयापुरतं असेल तर अर्धा मानला. पण ज्या कायद्यात भांगेचं पान गांजात धरत नाहीत आणि फुलोऱ्याचा शेंडा धरतात, त्यात तुमची कॅप्सूल नाक्यावर हवालदाराला कोण समजावणार? काकू मुंबईहून येताना ती तिच्या पिशवीतच सापडेल.

तापीकाठ:
काकू आता नाही आप्पा. पण मुद्दा बरोबर आहे, रुग्णाच्या हातात परवान्याचा कागद हवा.